वर्ष सरलं, वही उघडा

नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचं पहिलं वर्ष उन्हाळ्यात संपतं आणि दुसरं पावसाबरोबर सुरू होतं. मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं येतात. या वेळी त्यांतली ठाणे आणि नवी मुंबईची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एम. ए.चं पहिलं वर्ष झालं. दोन नाटकं, तीन एकांकिका, शिवाय वर्गातली प्रात्यक्षिकं. सकाळी लोकलने कुर्ला, तिथून कालिन्याला विद्यापीठात, रात्री उशिरा परत. आता कोणी विचारलं, वर्षभरात काय शिकलीस, तर धड सांगता येत नाही. भूमिका मोजायच्या की गुण? (विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : दोन्ही राहू द्या. एक कसोटी लावून बघा. यंदा केलेलं एखादं नाटक, आज तुमच्या हातात जे कागद आहेत तेवढ्यांवरून, पुन्हा उभं करता येईल का? बहुतेकांना येत नाही. संहितेवर पेन्सिलीच्या चार खुणा, मोबाइलमध्ये तालमीचे फोटो आणि ग्रुपवर विखुरलेले निरोप, एवढंच हाती असतं. शिकलेलं सगळं डोक्यात असतं, पण डोक्यातलं दोन-तीन महिन्यांत पुसट होतं. म्हणून या सुट्टीत पाचपैकी एकाच प्रयोगाची पुरी प्रयोगवही, म्हणजे नाटक पुन्हा उभं करता येईल इतक्या नोंदींची वही, तयार करा. रोज दोन तास बसलात तर आठ-दहा दिवस लागतील.

संहिता ए-फोर कागदावर एकाच बाजूला छापून घ्या, चारही बाजूंना दीड इंच समास सोडा आणि रिंगच्या फाइलीत लावा. फाइल उघडली की उजवीकडे संहिता आणि डावीकडे आधीच्या पानाची कोरी पाठ येईल. हालचाली त्या कोऱ्या पाठीवर लिहायच्या. संवादात ज्या शब्दावर हालचाल होते त्या शब्दावर वर्तुळात १, २, ३ असे आकडे टाका आणि डावीकडे त्याच आकड्यापुढे कोण, कुठून, कुठे ते लिहा. प्रत्येक पानावर पुन्हा १ पासून सुरुवात करा. सबंध नाटकाला सलग आकडे दिले तर एक हालचाल वाढली की पुढची सगळी खाडाखोड होते. उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत लिहिताना प्रेक्षकांचं उजवं लिहिलं जातं आणि सगळं नाटक आरशातल्यासारखं उलटं होऊन बसतं. पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

प्रकाशाचे आणि संगीताचे क्यू, म्हणजे कोणत्या शब्दाला काय चालू-बंद करायचं त्या खुणा, उजवीकडच्या समासात, दोन वेगळ्या रंगांत. त्यांना आकडे मात्र ५, १०, १५ असे द्या, कारण रंगीत तालमीत मध्ये एखादा क्यू घुसतोच. त्याला ६ किंवा ७ म्हणता येतं आणि बाकीचे आकडे जागच्या जागी राहतात. प्रत्येक क्यूच्या आधी साधारण अर्धं पान ‘तयार राहा’ची खूण हवी. ती नसेल तर ऑपरेटर वाक्य ऐकून मग हात हलवतो आणि अंधार दर वेळी एका श्वासाने उशिरा येतो.

मापं लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. ‘सोफा डाव्या विंगेपासून ५ फूट’ हे लिहिणं निरुपयोगी, कारण विंगा प्रत्येक नाट्यगृहात वेगळ्या जागी असतात. कालिन्याच्या तालीम-हॉलमध्ये लिहिलेलं हे माप गडकरी रंगायतनला कामाला येणार नाही. प्रत्येक वस्तूची दोन मापं घ्या, एक मध्यरेषेपासून आणि दुसरं दर्शनी पडद्याच्या रेषेपासून. टेप धरून दर्शनी चौकटीची रुंदी मोजा, निम्म्यावर खडूने खूण करा, तिथून मागे सरळ रेषा काढा, ती मध्यरेषा. खुर्चीची जागा जमिनीवर चिकटपट्टीने दाखवताना चारही पायांना मार्किंग नको. मागच्या दोन पायांना पुरे, पुढचे आपोआप जागेवर येतात आणि पुढची पट्टी प्रेक्षकांना दिसत नाही. पावसाळ्यात रंगमंचाच्या दमट फळ्यांवर चिकटपट्टी धरत नाही, म्हणून आधी कोरडं फडकं मारून घ्या.

वही झाली की तिची परीक्षा घ्या. तुमचं नाटक न पाहिलेल्या एखाद्या मैत्रिणीला बोलवा, पाच मिनिटांचा एक प्रवेश निवडा, दोन-तीन खुर्च्या आणि वाचायला दोन-तीन जण द्या आणि तिला वहीवरून तो प्रवेश बसवू द्या. तुम्ही गप्प बसायचं. ती जो जो प्रश्न विचारेल तो लाल पेनने टिपा. ‘इथे ती वळते ते रागाने की कंटाळून?’ असा प्रश्न आला तर हालचाल लिहिली गेली, तिचं कारण राहून गेलं. पहिल्या वर्षाच्या वह्यांमध्ये अशी लाल पेनची जागा फार असते, आणि खरं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

दुसरं काम फसलेल्या गोष्टींचं. ‘प्रॉपर्टी (प्रयोगात हाताळायची वस्तू) विसरली’ एवढं लिहून थांबू नका. समजा दुसऱ्या अंकात टेबलावर पत्र नव्हतं. ते कोणी ठेवायचं ठरलं होतं, ते कुठून उचललं जाणार होतं आणि ते नाही हे कधी कळलं, हे तिन्ही लिहा. अनेकदा दिसतं असं की विंगेतल्या प्रॉपर्टीच्या टेबलावर पत्राला ठरलेली जागाच नव्हती. दोघांनी ते हाताळलं आणि शेवटी ते कोणाच्या तरी खिशात राहिलं. उपाय साधा आहे. टेबलावर पांढरा कागद पसरायचा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिची बाह्यरेषा काढायची आणि आत नाव लिहायचं. पहिल्या घंटेला एक माणूस नजर फिरवतो आणि रिकामी रेषा लगेच दिसते. मध्यंतरानंतर पुन्हा एकदा. विसरभोळेपणावर रागावून कोणी सुधारत नाही, पण जागा आखून दिली की चूक होणंच कमी होतं.

तिसरं, हजेरी आणि डायरी बघून तासांचा अंदाज काढा : अभिनय, वाचिक, शरीर, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वाचन. अभिनयाकडे ओढा असलेल्यांच्या यादीत प्रकाशापुढे बहुधा शून्य असतं. दुसऱ्या वर्षी तिथे निदान एका प्रयोगाची जबाबदारी मागून घ्या.

प्रश्न : सलग दोन प्रयोग झाले की आवाज बसतो. मध, आलं, गरम पाणी सगळं करून झालं. शेवटच्या परीक्षेच्या प्रयोगात अर्धं नाटक घोगऱ्या आवाजात काढलं. (विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : गिळलेला मध अन्ननलिकेत जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. मधाने घशाला बरं वाटतं, पण तो स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती वाफ. शरीरातलं पाणीही तंतू ओले ठेवतं, पण ते तासाभरापूर्वी प्यायलेलं असावं लागतं. एंट्रीच्या आधी विंगेत घटाघट प्यायलेल्या बाटलीचा उपयोग त्याच प्रवेशात होत नाही.

तयारीसाठी एक व्यायाम रोज करा. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि तोंडाने बुडबुडे काढत ‘ऊ’ धरा. खालून वर, वरून खाली, पाच मिनिटं. पाण्याचा उलटा दाब तंतूंना हलका आधार देतो आणि ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. गाल फुगले किंवा मानेच्या शिरा ताठ झाल्या तर जोर जास्त लागतोय, आवाज कमी करा. मग ओठ फुरफुरवत तेच. प्रयोगाआधी एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. प्रयोगानंतरही दोन-तीन मिनिटं हाच बुडबुड्यांचा व्यायाम करा. तेवढं कोणी करत नाही.

बसलेल्या आवाजात कुजबुजू नका. कुजबुजतानाही घशावर ताण येतोच. त्यापेक्षा हळू, साध्या आवाजात बोला किंवा गप्प राहा. सारखं खाकरणंही टाळा, त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. आणखी एक कारण नजरेतून सुटतं. तालीम रात्री सुटते, स्टेशनबाहेर वडापाव-मिरची खाऊन घरी आलं की लगेच आडवं व्हायचं. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड असतो. खाणं आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवून पंधरा दिवस बघा.

प्रयोगात आवाज अचानक तुटला, विशेषतः ओरडताना, तर त्या दिवशी पुढे रेटू नका. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. दुर्बिणीतून तंतू बघायला काही मिनिटं लागतात.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या वर्गाची एकांकिका केली. सहा पार लाइट (डब्यासारखे मोठे रंगमंचीय दिवे) एकाच बोर्डावर होते. तंत्रतालमीत काही झालं नाही, प्रयोग सुरू झाल्यावर थोड्याच वेळात सगळा अंधार. शिवाय नटांच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं आणि स्पीकरमधून भणभण येत होती. (विद्यार्थ्यांचा गट, घोडबंदर रोड)

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी अंधार. १,००० वॅटचा एक पार २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. सहा पार म्हणजे २६ अँपिअर. हॉलच्या बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, बहुतेक १६ अँपिअरचा असतो. मग तो तालमीत का उडाला नाही? एमसीबीमध्ये जास्तीचा भार ओळखणारी एक धातूची पट्टी असते. ती तापून वाकते तेव्हा खटका पडतो आणि तापायला वेळ लागतो. तंत्रतालमीत तुम्ही लाइट एकेक करून किंवा थोडा वेळ लावून पाहिले असणार. प्रयोगात सहाही पूर्ण तेजाने सलग जळत राहिले. शॉर्ट झालं असतं तर खटका क्षणात पडला असता. म्हणून तंत्रतालमीत सगळ्यात जास्त लाइटवाला प्रवेश निवडून ते सगळे सलग वीस मिनिटं लावून ठेवायचे.

१६ अँपिअरच्या एका जोडणीवर तीनच पार, १३ अँपिअर. उरलेले तीन दुसऱ्या सर्किटवर. दोन सॉकेट शेजारी दिसले म्हणजे सर्किट दोन झाली असं नाही. एकाचा एमसीबी बंद करून दुसरं चालू राहतं का ते हॉलच्या वायरमनकडून बघून घ्या. एमसीबी बदलून मोठा बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भिंतीतली तार तेवढ्या भाराची नसते, मग खटका पडायच्या जागी तार जळते. एक्स्टेन्शनची तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची असू द्या आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळीत राहिलेल्या तारेची उष्णता बाहेर पडत नाही, वरचं प्लास्टिक मऊ पडतं.

डोळ्यांखालचं काळं दिवे डोक्यावर असल्यामुळे. भुवयांच्या हाडाची सावली डोळ्यांत पडते. दिवा समोरून ४५ अंशात यायला हवा आणि त्याचं गणित सोपं आहे : दिवा नटाच्या डोळ्यांपेक्षा जितका उंच, तितकाच पुढे. उभ्या नटाचे डोळे ५ फुटांवर धरा. दिवा १५ फुटांवर असेल तर तो नटापासून १० फूट पुढे हवा. सोसायटीच्या हॉलमध्ये १० फुटांचाच स्टँड असतो. तेव्हा ५ फूट पुढे न ठेवता ८-९ फूट ठेवा. कोन ३० अंशांच्या आसपास येईल, चेहरा उजळेल, पण सावली मागच्या पडद्यावर जाईल. म्हणून नटांना पडद्यापासून ५-६ फूट पुढे खेळवा. एका जागेला एकच दिवा न देता डावीकडून एक आणि उजवीकडून एक द्या, एकावर फिका अंबर (पिवळसर) आणि दुसऱ्यावर फिका निळा जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद. दोन्ही बाजूंना एकच रंग असेल तर चेहरा सपाट, पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतो.

भणभण डिमरची. डिमर वीजलाटेचा तुकडा कापून तेज कमी करतो. त्या कापण्याचा गोंगाट शेजारून जाणाऱ्या माइकच्या तारेत शिरतो. साउंड वेगळ्या सर्किटवर घ्या आणि लाइटच्या व माइकच्या तारा एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

जाता जाता, पारचा दिवा बदलताना बंद काचेचा असेल तर फार बिघडत नाही, पण हॅलोजनच्या उघड्या नळीला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर डाग धरतं आणि तिथूनच नळी फुटते. कागदात किंवा स्वच्छ फडक्यात धरा. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला सुरक्षासाखळी असलीच पाहिजे, याला अपवाद नाही.

प्रश्न : वर्षअखेरचं नाटक वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिकीट लावून करायचं ठरतंय. विद्यापीठात केलं तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. (विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : तेव्हा विचारलं नाही, कारण कायद्यात शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग आणि प्रेक्षकही संस्थेतलेच, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक, असतील तर तो स्वामित्वहक्काचा भंग धरला जात नाही. तिकीट लावून बाहेर गेलात की ही सवलत संपते.

पहिली गरज लेखकाच्या लेखी परवानगीची. लेखक हयात नसतील तर वारसांची, कारण मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं नाटक आज कोणीही करू शकतं. जुन्या परदेशी नाटकाच्या मराठी रूपांतराबाबत मात्र फसगत होते. मूळ लेखकाचा हक्क संपला असला तरी रूपांतरकाराचा वेगळा हक्क असतो. परवानगीत प्रयोगांची संख्या, मुदत आणि मानधन लिहून घ्या, तोंडी ‘करा रे’वर थांबू नका.

दुसरी गरज राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची. संहिता तिथे सादर करावी लागते, आणि ती प्रत्यक्ष खेळणार तीच हवी. तालमीत बदललेले संवाद आधी टाइप करून घ्या. नाट्यगृहाची तारीख हातात आल्यावर ही धावपळ सुरू करणारे गट अडकतात. क्रम उलटा ठेवा : परवानगी, प्रमाणपत्र, मग तारीख. सिनेमाची गाणी पार्श्वसंगीतात वापरली असतील तर त्यांचाही हक्क आहे. त्याऐवजी वर्गातल्या कोणाकडून तेवढ्यापुरतं स्वतःचं नवं संगीत करून घेणं सगळ्यात बरं.

प्रश्न : वर्षभरात जमवलेले कपडे घरी कपाटात आहेत. पावसाळ्यात बुरशी येते. (विद्यार्थिनी, नेरूळ)

उत्तर : घामाचा कपडा न धुता ठेवला की बुरशी येतेच. आधी धुवा किंवा जे धुता येत नाही ते दोन दिवस सावलीत वारं देऊन वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. जरीला डांबराची गोळी थेट लागू देऊ नका, ती कागदात बांधून कोपऱ्यात ठेवा. भाड्याने आणलेली ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, मात्र साठवायची नसते, ती दुसऱ्या दिवशी मोजून परत.

प्रश्न : मुलगा नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला जाणार. त्याचा उत्साह आम्ही बघतो, पण पुढे पोट कसं भरणार, हे विचारायलाही संकोच वाटतो. (पालक, कोपरी, ठाणे)

उत्तर : संकोच करू नका, त्यालाही हा प्रश्न पडलेला असतो. नटाला नाटकात प्रयोगामागे नाइट, म्हणजे त्या प्रयोगापुरतं मानधन, मिळते, प्रयोग नसेल तर काही नाही. त्यामुळे पहिली काही वर्षं केवळ अभिनयावर विसंबू नये, हे आमचं स्पष्ट मत. प्रकाशयोजना, ध्वनी, रंगमंच व्यवस्थापन यांपैकी एक काम हातात असलेल्या मुलाला नाटकाच्या जगात राहूनच दोन पैसे मिळत राहतात, आणि दिग्दर्शक त्याला ओळखू लागतात.

शिकवण्याकडे कल असेल तर नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आहे. तिच्यात नृत्य-नाट्य-रंगभूमी असा प्रयोगकलांचा विषय असतो. दोन पेपर मिळून तीन तास, पहिला ५० प्रश्न आणि १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्न आणि २०० गुणांचा. चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. एम. ए.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के, राखीव वर्गांसाठी ५० टक्के लागतात, आणि अंतिम वर्षात असतानाही परीक्षेला बसता येतं. सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही, संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी आहे. पहिला पेपर सर्व विषयांना सारखाच असतो. तर्क, आकडेमोड, आकलन यांत नाटकाची मुलं मागे पडतात, कारण तालमीच्या दिवसांत त्याला हात लागत नाही. या सुट्टीत रोज पाऊण तास फक्त पहिला पेपर करायला सांगा.

प्रश्न : दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी ‘ठाण्याची नाट्यपरंपरा’ हा विषय घेतला. मार्गदर्शक म्हणतात, फार मोठा आहे. (विद्यार्थी, नौपाडा)

उत्तर : ते बरोबर सांगताहेत. एक वास्तू, एक दशक आणि एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, मासुंदा तलावाकाठी १९७८ साली गडकरी रंगायतन उभं राहिल्यावर पहिल्या दहा वर्षांत ठाण्यात रविवारी दुपारी कोणती नाटकं लागली आणि रात्री कोणती? यावरून प्रेक्षक कोण होते ते उलगडत जातं. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती हा मुख्य पुरावा. त्यांत तारीख, वेळ, संस्था, नट आणि बहुतेकदा कितवा प्रयोग तेही असतं. पण सगळे अंक चाळायला जाऊ नका. दर वर्षीचे चार ठरावीक महिने निवडा, एक मे महिन्याचा, एक दिवाळीचा आणि दोन साधे, आणि दहाही वर्षं तेच ठेवा. मध्येच महिने बदलले तर तुलना कोसळते. जुन्या अंकांसाठी आणि स्थानिक मंडळांच्या स्मरणिकांसाठी १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करून सुरुवात करा.

ज्येष्ठांच्या मुलाखती घ्याल तर जाहिरातीचा झेरॉक्स सोबत न्या. ‘तुम्हाला काय आठवतं?’ असं विचारलं की ठरलेले किस्से येतात. समोर त्या रविवारची जाहिरात ठेवली की बस कुठे थांबायची, तिकीट कोण काढून ठेवायचं, हे निघतं. ध्वनिमुद्रणाची संमती आधी घ्या आणि त्याच रात्री मुलाखत लिहून काढा. जाहिरातीत छापलेलं नाटक ऐनवेळी रद्दही व्हायचं, म्हणून जाहिरात म्हणजे प्रयोग झाला असं धरू नका. तक्त्यात ‘जाहीर’ आणि ‘झाल्याची खात्री’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.